कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलात दोघंच जाताय? मग हे वाचा

पहिली गोष्ट, तारखा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे थेट या किनाऱ्यावर येतात, समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर ते मार्च उत्तम. पौर्णिमा मात्र कॅलेंडरात बघून ठेवा: श्रीलंकेत त्या दिवशी 'पोया'ची सुट्टी, आणि दारूविक्री बंद. बायकोसोबत समुद्राकाठी वाइन घ्यायचा बेत असेल तर नेमका तोच दिवस नको!

हॉटेल १८६४ चं, तोंड पश्चिमेला. म्हणजे पैसे वसूल होतात ते संध्याकाळी. सूर्य साधारण पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान बुडतो. अर्धा तास आधी गच्चीवर समुद्राकडचं टेबल धरा. कावळे धीट आहेत, सँडविच उघडं ठेवून फोटो काढत बसू नका. बुकिंग करताना खोली समुद्राकडचीच आहे हे लेखी घ्या, शहराकडच्याही असतात. दरात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि कर धरलेत का, तेही विचारा. बिलाच्या वेळी वाद होतो तो यावरूनच.

पोहायचं असेल तर पोहण्याचा तलाव. समोर लाटा दगडांवर आपटतात, पुळण जवळपास नाहीच. वाळू हवी तर कोल्लुपिटिया स्टेशनवरून माउंट लॅव्हिनियाची लोकल पकडा, उजव्या खिडकीशी बसा. रूळ समुद्राला चिकटून जातात.

शाकाहारी असाल तर खोबऱ्याच्या सांबोलात, म्हणजे तिथल्या तिखट चटणीत, सुकी मासळी नाही ना, हे दरवेळी विचारा. दिसत नाही, पण बहुधा असते.