कॉमन, वाइडस्प्रेड की रॅम्पंट?

प्रश्न: मी नंदुरबार भागात एका आरोग्य संस्थेत रिपोर्ट लिहायचं काम करते. 'ॲनिमिया इज रॅम्पंट अमंग ट्रायबल विमेन' असं लिहिलं होतं, तर आमच्या डॉक्टर मॅडमनी रॅम्पंट खोडून प्रेव्हलंट केलं, आणि देणगीदारांच्या पत्रात मात्र त्यांनी स्वतःच वाइडस्प्रेड लिहिलं. डिक्शनरीत सगळ्यांचा अर्थ फिरून फिरून 'सगळीकडे आढळणारा' असाच येतो. मग फरक काय? आणि साधं कॉमन का नाही चालत?

उत्तर: मॅडमनी खोडलं ते अगदी बरोबर केलं. रॅम्पंटला मराठीत जवळचा शब्द बघा, बोकाळलेला. भ्रष्टाचार बोकाळतो, कॉपी बोकाळते, अवैध वाळूउपसा बोकाळतो, म्हणजे कोणीतरी चुकीचं करतंय आणि त्याला आवरणारं कोणी नाही असं आपण म्हणत असतो. आता 'बायकांमध्ये ॲनिमिया बोकाळलाय' असं कोणी म्हणेल का? ज्या बाईच्या रक्तात लोह कमी आहे तिचा त्यात काय दोष, पण रॅम्पंट लिहिलं की वाक्याला नकळत तक्रारीचा सूर लागतो आणि तो नेमका तिच्याकडेच वळतो, आणि आदिवासी बायकांबद्दल लिहिताना तर हे फार जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. राइफचंही तेच, 'करप्शन इज राइफ' किंवा 'राइफ विथ करप्शन', हा शब्द बहुतेक वाईट गोष्टींनाच लागतो.

प्रेव्हलंट शांत शब्द आहे आणि त्याच्या मागे मोजणी उभी असते. आरोग्याच्या कामात प्रेव्हलन्स म्हणजे एखाद्या वेळी लोकसंख्येतल्या किती जणांना तो आजार आहे ते प्रमाण, त्यात जुने पेशंट आणि नवे पेशंट दोन्ही आले. फक्त ठराविक काळात नव्याने झालेले मोजायचे असतील तर तो इन्सिडन्स, या दोघांची गल्लत रिपोर्टमध्ये सर्रास होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण देशात 57 टक्के आणि महाराष्ट्रात साधारण 54 टक्के आलं होतं. असा आकडा हातात असेल तर 'हायली प्रेव्हलंट' लिहा आणि शेजारीच आकडा द्या. आकडा नसेल तर प्रेव्हलंट लिहून उगाच वजन आणू नका, तिथे कॉमन पुरतं. तुमच्या भागातल्या सिकलसेललाही, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजारालाही, आकडा असेल तर प्रेव्हलंटच बरं.

वाइडस्प्रेड जागेबद्दल बोलतो. किती जणांना झालंय यापेक्षा किती ठिकाणी पसरलंय हे त्यात मुख्य, म्हणून देणगीदारांना 'हा प्रश्न एकदोन पाड्यांचा नाही, सगळ्या तालुक्यांचा आहे' हे सांगायला मॅडमनी तो घेतला असणार. कॉमन आणि वाइडस्प्रेड नेहमी जोडीने येत नाहीत. खवल्या मांजर भारताच्या बऱ्याच भागांत आहे, म्हणजे वाइडस्प्रेड, पण दिसतं किती जणांना? कॉमन अजिबात नाही. उलट आमटीत आमसूल टाकणं कोकणात अगदी कॉमन, पण राज्यभर वाइडस्प्रेड म्हणता येणार नाही, विदर्भात चिंच चालते. कॉमनचा आणखी एक घोळ म्हणजे 'कॉमन टू', 'फीव्हर इज कॉमन टू बोथ डिसीझेस' म्हणजे ताप दोन्ही आजारांत असतो एवढंच, तो खूप जणांना येतो असं नाही. आपण कॉमन फ्रेंड म्हणतो तो हाच कॉमन. खूप जणांना होतो म्हणायचं असेल तर 'कॉमन इन' किंवा 'कॉमन अमंग'.

प्रश्न: शेकरू एंडेमिक आणि मलेरियापण एंडेमिक, हे कसं काय? स्पर्धा परीक्षेत गोंधळ होतो.

उत्तर: दोन विषय, दोन अर्थ, म्हणून गोंधळ होणारच. प्राणी-वनस्पतींच्या बाबतीत एंडेमिक म्हणजे फक्त तिथेच नैसर्गिकरीत्या सापडणारं, शेकरू भारताबाहेर जंगलात सापडत नाही म्हणून 'एंडेमिक टू इंडिया'. आजाराच्या बाबतीत मात्र 'फक्त तिथेच' हा भागच नाही, त्या भागात तो कायम मुक्कामाला आहे एवढंच, जसा गडचिरोलीत मलेरिया. नेहमीपेक्षा एकदम केसेस वाढल्या की एपिडेमिक, 1896 ला मुंबईत प्लेग आला तो तसा, त्याच्यामुळेच 1897 चा साथरोग कायदा झाला. आणि साथ देशोदेशी पसरली की पॅन्डेमिक, कोविडला जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द 11 मार्च 2020 ला लावला. पण एपिडेमिक नाही म्हणून एंडेमिक आजार सौम्यच असतो असं समजू नका, मलेरियाने आजही माणसं दगावतात.

प्रश्न: निबंधात युबिक्विटस वापरला तर मार्क जास्त मिळतात का?

उत्तर: शब्द अवघड आहे म्हणून नको, बसतो म्हणून वापरा. जिकडे बघावं तिकडे दिसणारी वस्तू असेल तर छान बसतो, मुंबईतला वडापाव, हातातला मोबाइल. आजाराला, मताला, सवयीला शक्यतो नको. 'व्हेरी युबिक्विटस' लिहू नका, सगळीकडे म्हटल्यावर अजून जास्त सगळीकडे काय असणार. आणि वाइडस्प्रेड हा एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडू नका, ही चूक पेपरात फार दिसते.