फेलर यांच्या ग्रंथातून रांगांचे गणित स्वतः शिकता येईल का?

आपण विचारले आहे की, बी.एस्सी.पर्यंतचे गणित झाले आहे, वर्गाला जाऊन शिकण्याची सोय नाही आणि विल्यम फेलर यांच्या संभाव्यताशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला खंड हाती आहे. तर तेवढ्यावर रांगांचा सिद्धांत, म्हणजे रांगा किती वाढतात आणि किती थांबावे लागते याचे गणित, शिकता येईल, की त्यासाठी परीक्षेच्या उपयोगाचे एखादे नवे पुस्तकच घ्यावे? मी गोव्यात महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि माझे उत्तर असे की, फेलरच वाचावा. मात्र पहिल्या पानापासून क्रमाने वाचत गेल्यास रांगांपर्यंत पोहोचण्याआधीच बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून त्यातली वाट आधी निवडून घ्यावी लागते.

तिसऱ्या आवृत्तीत (१९६८) रांगांचा विषय सतराव्या प्रकरणाच्या सातव्या विभागात येतो. तिथे जाण्यापूर्वी सशर्त संभाव्यतेचे पाचवे, द्विपद आणि प्वासाँ वितरणांचे सहावे आणि यादृच्छिक चलांचे नववे प्रकरण उदाहरणे सोडवून पक्के करावे. मार्कोव्ह साखळ्यांचे (पुढची स्थिती केवळ सध्याच्या स्थितीवर अवलंबून असते अशा प्रक्रियांचे) पंधरावे प्रकरण निदान एकदा वाचून ठेवावे. नाणेफेकीवरचे तिसरे प्रकरण अतिशय सुंदर आहे, तरीही या कामापुरते ते बाजूला ठेवा असेच मी सांगेन.

खरी मेहनत करायची ती सतराव्या प्रकरणातील जन्म-मृत्यू प्रक्रियेच्या समीकरणांवर. कल्पना एवढीच आहे की, अत्यंत लहान कालखंडात रांगेत एक तर एक माणूस वाढतो, एक कमी होतो किंवा काहीच घडत नाही, आणि दोन घटना एकदम घडण्याची संभाव्यता सोडून देण्याइतकी क्षुल्लक असते. यातून विकलक समीकरणे मिळतात. पुष्कळ काळ लोटल्यावर संभाव्यता बदलेनाशा होतात, तेव्हा त्यांचे विकलज शून्य होतात आणि हाती साधी बैजिक समीकरणे उरतात: रांगेतील संख्या चारावरून पाचावर जाण्याचा दर आणि पाचावरून चारावर येण्याचा दर सारखाच. माणसे येण्याच्या दराला सेवेच्या दराने भागून येणारे गुणोत्तर ‘र’ मानले, तर एकाच खिडकीच्या रांगेत प्रत्येक संभाव्यता आधीच्या संभाव्यतेच्या ‘र’ पट निघते, म्हणजे सर्व संभाव्यता मिळून शाळेत शिकलेली भूमिती श्रेढीच होते, आणि खिडकीशी असलेल्या एकूण माणसांची सरासरी ‘र’ भागिले ‘एक वजा र’ इतकी येते. हे सारे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर स्वतः मांडता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

आता या सूत्रात आकडे घाला, कारण विषयाचे मर्म तिथेच उलगडते. मामलेदार कचेरीतील दाखल्यांच्या एका खिडकीवर तासाला सरासरी २० जणांचे काम होऊ शकते असे धरू. तासाला १० माणसे आली, तर तिथे सरासरी एक माणूस असतो आणि आल्यापासून काम होईपर्यंत त्याची ६ मिनिटे जातात. १८ आली, तर सरासरी ९ माणसे आणि ३० मिनिटे. १९ आली, तर १९ माणसे आणि पूर्ण एक तास. एकच माणूस वाढला आणि वेळ दुप्पट झाला! खिडकीची क्षमता मागणीपेक्षा जास्त असूनही असे का व्हावे, या प्रश्नापाशी विद्यार्थ्याने हवा तितका वेळ थांबावे. कारण अनियमिततेत आहे: खिडकी रिकामी राहिली ती मिनिटे पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत, ती वायाच जातात. म्हणूनच माणसे तशीच यदृच्छेने येत राहिली, पण प्रत्येकाच्या कामाला नेमकी ३ मिनिटेच लागू लागली, तर तासाला १८ जणांच्या हिशेबात नुसत्या ताटकळण्याचा वेळ (३० मिनिटांतून स्वतःच्या कामाची ३ मिनिटे वगळून) सरासरी २७ मिनिटांवरून साडेतेरा मिनिटांवर येतो. हा परिणाम पोलाचेक (१९३०) आणि खिंचिन (१९३२) यांच्या सूत्रातून मिळतो. ते पहिल्या खंडाच्या कक्षेत येत नाही, परंतु दिशा आत्ताच ठाऊक असलेली बरी.

सातव्या विभागातील उदाहरणे टेलिफोनच्या तारांची आणि कारखान्यातील यंत्रांची आहेत. ती जुनी वाटली तरी वगळू नयेत. हा विषयच मुळी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत जन्मला. तिथे काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ मध्ये पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये किती तारा असल्या म्हणजे किती जणांना जोडणी मिळणार नाही याची सूत्रे दिली. यंत्रांचे उदाहरण तर मला त्या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाटते: दुरुस्तीच्या वेगाच्या एक दशांश वेगाने यंत्रे बिघडत असतील, तर दर ६ यंत्रांमागे एक कारागीर नेमण्यापेक्षा २० यंत्रांसाठी मिळून ३ कारागीर ठेवणे कितीतरी फायद्याचे ठरते. दुसऱ्या व्यवस्थेत माणशी यंत्रे जास्त येतात, तरीही बंद यंत्रांचा खोळंबा कमी होतो. तेथील कोष्टक स्वतः आकडेमोड करून तयार करावे. वेगवेगळ्या खिडक्यांवर वेगळ्या रांगा लावण्याऐवजी सर्वांची एकच रांग का असावी, हे त्यातून आपोआप पटते.

त्याबरोबर प्रत्यक्ष रांगा पाहाव्यात, आणि त्यासाठी आपल्या गोव्यातील फेरीबोटींचे धक्के उत्तम आहेत. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या गाड्या किती वाजता आल्या आणि किती वाजता बोटीत चढल्या एवढेच टिपून घ्या. त्यावरून १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम पडताळता येतो: रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी दर गुणिले प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. वितरण कोणतेही असो, हा नियम टिकतो. पण एका खिडकीचे सूत्र मात्र तिथे लागू पडणार नाही, आणि ते का पडत नाही हे शोधणे हाच मोठा अभ्यास आहे. बोट एकेका गाडीला नव्हे तर गठ्ठ्याने सेवा देते; कचेऱ्या सुटण्याच्या वेळी येण्याचा दर स्थिर राहत नाही; आणि रांग लांब दिसली की काही जण पुलाच्या रस्त्याने वळसा घालून जातात. ग्रंथातील प्रत्येक गृहीतक कशासाठी आहे, हे अशा ठिकाणी जितके स्पष्ट होते तितके नुसत्या वाचनाने होत नाही.

सतरावे प्रकरण पूर्ण झाल्यावर फेलर यांच्या दुसऱ्या खंडाकडे लगेच वळू नये. तो बराच कठीण आहे आणि त्यासाठी लाप्लास परिवर्तनाची तयारी लागते. मधली पायरी म्हणून गुवाहाटीचे ज्योतिप्रसाद मेधी यांचे ‘स्टोकॅस्टिक प्रोसेसेस’ हे पुस्तक घ्यावे. त्यात रांगांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे, आणि सेवेचा वेळ वरच्या एका खिडकीच्या सूत्रात गृहीत धरला तसा घातांकी वितरणाचा नसेल तेव्हा काय करायचे, हे तिथून शिकता येईल.