अमेरिकेतल्या आर्लिंग्टन या लष्करी दफनभूमीत कोणत्या सैनिकांना जागा मिळते? आणि बाहेरच्यांना आत जाता येतं का?

जाता येतं, आणि जरूर जा. वॉशिंग्टनजवळची ही दफनभूमी १८६४ पासूनची. रोज सकाळी ८ ते ५ खुली असते, प्रवेश फुकट. मोठ्यांनी फोटो ओळखपत्र जवळ ठेवावं.

फौजेत होते म्हणजे इथे जमीन मिळणारच, असं नाही. सेवेत असताना मृत्यू आलेले, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेले, पर्पल हार्टसारखं (युद्धात जखमी झालेल्यांना देतात ते) पदक मिळालेले, मुख्यतः अशांना ती मिळते. सन्मानाने सेवामुक्त झालेल्या इतर बऱ्याच जणांच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवता येतात. आपल्याकडे दहन करतात, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना ही सोय जवळची वाटेल. नावाच्या दगडावर धर्मचिन्ह कोरून मिळतं, त्यात ॐ सुद्धा आहे. जागेचे आणि दगडाचे पैसे घेत नाहीत.

अनोळखी सैनिकाच्या, म्हणजे ओळख न पटलेल्या शहीद सैनिकांच्या, समाधीपाशी मात्र घाई करू नका. पहारेकरी २१ पावलं चालतो, वळतो, २१ सेकंद थांबतो, पुन्हा चालू लागतो. १९३७ पासून रात्रंदिवस हा पहारा चालू आहे. तिथे बोलू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. परतताना एखाद्या पांढऱ्या दगडाची मागची बाजूही बघा, पुष्कळदा तिथे बायकोचं नाव असतं. नवराबायको एकाच कबरीत असतात.