'आयडिया' आणि 'विद्या'

बारावीत शिकणाऱ्या एका पोरानं विचारलंय : "'आयडिया' हा शब्द आपल्या 'विद्या'वरून इंग्रजीत गेला असं ऐकलं. खरं का?"

तसा गेला नाही, पण नातं खरं आहे. मायलेकींचं नव्हे, चुलत बहिणींचं.

इंग्रजीला हा शब्द लॅटिनमार्फत ग्रीकमधून मिळाला. ग्रीकमध्ये तो 'इदेआ', आणि 'इदेइन' म्हणजे बघणे. या धातूच्या सुरुवातीला पूर्वी 'व' होता, तो ग्रीकांच्या बोलण्यातून झडला. परत लावून बघ : 'विद्'! संस्कृतातले वेद आणि विद्या त्यातलेच. लॅटिन 'विदेओ' म्हणजे 'मी बघतो'. तुझ्या मोबाइलवरचा व्हिडिओ तिथला. ही सगळी एकाच जुन्या भाषेची पिलावळ. मला सगळ्यांत भारी वाटते ती ग्रीक 'ओइदा' आणि संस्कृत 'वेद' यांची जोडी. इथं 'वेद' म्हणजे ग्रंथ नव्हे, क्रियापद. दोन्हींचा अर्थ 'मला ठाऊक आहे', आणि दोन्हींच्या मुळाशी बघणं. बघितलंय, म्हणून ठाऊक आहे.

'इदेआ'चा पहिला अर्थ विचार नव्हताच. डोळ्यांना दिसणारं रूप, घाट, हा तो अर्थ. इ.स.पू. ४थ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं त्याला वेगळं वळण दिलं. ते समजायला आपल्या कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनीत जाऊन उभा राहा. कापशी वेगळी, कान असलेली वेगळी, गोंड्याची वेगळी. एकीसारखी दुसरी नाही, तरी प्रत्येकीला आपण चप्पलच म्हणतो. या सगळ्यांमागं जे एकच न झिजणारं रूप, जे फक्त बुद्धीला दिसतं, त्याला प्लेटो 'इदेआ' म्हणे. हे रूप माणसाच्या डोक्याबाहेरचं, स्वयंभू. १७व्या शतकात देकार्त आणि लॉक या तत्त्वज्ञांच्या लिखाणात मात्र 'आयडिया' म्हणजे मनात असलेली गोष्ट, हा अर्थ पक्का झाला. आपल्याकडं आला तो हाच.

म्हणून 'आयडिया'ला 'कल्पना' हा प्रतिशब्द अर्थानं चालतो, पण मुळानं जुळत नाही. 'कल्पना' कॢप् धातूची, म्हणजे रचण्याची, जुळवण्याची. मुळाच्या जवळ जाणारा आपला शब्द 'दर्शन'. भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरांना षड्दर्शनं म्हणतो, तिथंही बघण्यातूनच विचार उभा राहतो.

आणि आपल्या गावात तर हा शब्द आणखी पुढं गेलाय. गंगावेशीत उसाचा ट्रॅक्टर मागं घेताना "आयडियानं घे रं!" अशी हाक मी कितीदा ऐकलीय. इथं ना कल्पना, ना युक्ती. जपून, अंदाज घेऊन, एवढाच अर्थ. त्याच ट्रॅक्टरला दुसऱ्या बाजूनं कुणीतरी ओरडत असतं, "बघून घे!"