गल्ली सोडू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ जागा होतो. राजधानी ओटावात खासदाराच्या ऑफिसात नोकरी, की इथे टोरांटोत शाळा मंडळाची निवडणूक? वर म्हणालीस, "काका, शाळा मंडळ म्हणजे अगदीच छोटं हो!" खरं सांगतो, मला रागच आला.

आपल्या टोरांटोच्या राजकारणातल्या ऑलिव्हिया चाऊंचं बघ. तेराव्या वर्षी हाँगकाँगहून इथे आल्या. १९८५ साली जिंकल्या ते शाळा मंडळावर. १९९१ ला मेट्रो टोरांटोच्या कौन्सिलवर. संसदेसाठी १९९७ ला पडल्या, २००४ ला पडल्या, २००६ ला निवडून आल्या. २०१४ मध्ये खासदारकी सोडून महापौरपदाला उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या आल्या! पुढच्या वर्षी संसदेचीही निवडणूक हरल्या. मीसुद्धा तेव्हा म्हटलं, संपलं आता. पण २०२३ मध्ये १०२ उमेदवारांतून त्याच महापौर झाल्या. इथे शहराला अधिकार मिळतात ते प्रांताकडून, आणि प्रांतात सरकार विरुद्ध विचारांचं. तरी त्याच वर्षी प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांच्यासोबत बसून त्यांनी गार्डिनर आणि डॉन व्हॅली पार्कवे हे शहराचे दोन महामार्ग खर्चासकट प्रांताच्या गळ्यात घालायचा करार केला. शहराची नस ठाऊक असल्याशिवाय हे जमतं का? म्हणून म्हणतो, गल्ली सोडू नकोस.

मी सोडली. शाळा मंडळाचा अर्ज भरून आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडला होता. एका पक्षाच्या माणसाने "थांबा, तुम्हाला मोठी जागा देऊ" म्हटलं, आणि मी थांबलो. मुलं लहान होती, घराचं कर्ज होतं. अगदीच मूर्खपणा नव्हता तो. पण मोठी जागा कधी आलीच नाही.

त्या पक्षासाठी स्कारबरोमध्ये ऑक्टोबरच्या पावसात दारं वाजवत फिरलो. एका बाईने दार अर्धवट उघडलं, कडेवर मूल. म्हणाली, "ओटावाचं राहू द्या. शाळेची बस रोज उशिरा का येते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शाळा मंडळातल्या माणसाकडे असतं, कळलं? तुला ते छोटं वाटतंय.

गल्ली सोडू नकोस, पुन्हा सांगतो. हरलीस तरी सोडू नकोस.

शनिवारी सकाळी ये, पोहे करायला सांगतो. कोरा अर्ज आण आणि जाड तळाचे बूट घालून ये. दुपारी आपल्याच रस्त्यापासून सुरुवात करू.

तुझा,
काका