एक्स-रे मध्ये अक्कलदाढ आडवी आणि तिच्या मागे एक जास्तीची दाढ, दुखत नाहीये, तरी काढायची का?

तुमच्यासारखीच माझी केस होती, खाली अक्कलदाढ आडवी आणि वर मागे एक छोटी टोकदार जास्तीची दाढ. दुखत नाही म्हणून लगेच काढाच असं नाही. ब्रिटनमध्ये तर 2000 सालीच नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने सांगितलं होतं की त्रास नसलेल्या, रोग नसलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नका. पण आडवी दाढ पुढच्या दाढेला टेकली असेल तर मधे अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही आणि चांगली दाढ मागून किडते, माझ्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, नेमकं तेच दिसलं म्हणून मी काढली. तर डॉक्टरांना सरळ विचारा, पुढच्या दाढेला कीड आहे का, हिरडी वारंवार सुजतेय का, दाढेभोवती गाठ दिसतेय का, आणि खालच्या दाढेची मुळं जबड्यातल्या नसेला चिकटलीत का. मुळं नसेजवळ असतील तर सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करून घ्या आणि ओरल सर्जरीत एमडीएस केलेल्याकडेच जा, इथे पैसे वाचवू नका.

काढताना दुखत नाही, खरंच. भुलेचं इंजेक्शन टोचतं तेवढंच, मग दाब कळतो आणि ड्रिलचा आवाज डोक्यात घुमतो, कारण आडवी दाढ कापून तुकड्यांनी काढतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते, तोंड नीट उघडत नाही, मऊ भात, ताक, पेज यावर राहायचं.

खरी काळजी नंतरची. खड्ड्यात रक्ताची जी गुठळी बसते ती हलली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणून पहिला दिवस थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉ नाही, आणि सिगरेट, तंबाखू, मिश्री तर बरेच दिवस अजिबात नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. ठणका लागलाच तर गोळ्या खात बसू नका, क्लिनिकला जा, खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि बराच आराम पडतो.

आणि हो, दाढ काढली की नजर कमी होते असं घरी कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका, डोळ्याची नस पूर्ण वेगळी आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मात्र आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि भूल उतरायची वेळ होऊन गेल्यावरही, म्हणजे दुसऱ्या दिवशीही, ओठ किंवा हनुवटी बधिर वाटली तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.