‘तुम्ही तिथं काय करत होता?’

“मॅडम, ह्याला काही औषध आहे का? टीव्हीवरच्या विषयावरून दोघं भाऊ भांडले अन् आता एकमेकाचं तोंड बघना गेलेत.”

मार्च 2025 च्या सुरुवातीला नांदेडला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंचं हे पहिलं वाक्य. राजकारणावरून घरात अबोला धरला गेला, भाऊबंद फिरकेनासे झाले, लेक माहेरी येईना, असं सांगणारी माणसं आता वरचेवर येतात. सगळ्यांची काळजी एकच असते. विषय देशाचा, आपल्या हातात काहीच नाही, मग घर का फुटलं? हे एक प्रकरण दोन्ही भावांच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

गाव हिंगोली जिल्ह्यातलं. थोरल्यांना घरात दादा म्हणतात, धाकट्यांना बापू. दादांनी सीमा सुरक्षा दलात तेवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बांगलादेशच्या सीमेवर. बापू ग्रामसेवक. पदाचं नाव आता बदललं असलं तरी गावाच्या तोंडी तेच आहे. शेताच्या वाटण्या झालेल्या, पण विहीर एक आणि हळद शिजवायचा कुकरही एकच. दरवर्षी एकाची हळद उतरली की दुसऱ्याची चढायची. यंदा दादांनी दुसऱ्या गावाहून भाड्यानं कुकर आणला. “हळद येगळी शिजली मॅडम, तवा मला धसका बसला,” त्या बाई, म्हणजे घरातल्या धाकट्या जाऊबाई, म्हणाल्या.

भांडण झालं ते जानेवारीत, एका साखरपुड्याच्या पंगतीत. मुंबईत एका अभिनेत्यावर चाकूहल्ला झाला होता आणि पकडलेला माणूस बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. जिकडंतिकडं तोच विषय. एक सोयरा दादांकडं बघून म्हणाला, “एवढ्या आत येतेतच कसे हे लोक?” दादांचा घास थांबला. ते म्हणाले, “आल्यावर त्यायला कागद कोण देतं ते इचारा. दाखले वाटणारे आपल्यातच बसलेत.” बापू शेजारीच होते. ते उठले. “कागद नंतर, दादा. आधी सीमेच्या तारंवर तुम्ही होता ना? तुम्ही तिथं काय करत होता?”

पन्नास माणसांसमोर हे झालं. दोन्ही भाऊ हात न धुता निघून गेले.

पहिल्या भेटीत मी चुकले. सगळे देतात तोच सल्ला मीही दिला: घरात हा विषय काढायचा नाही, बातम्या लागल्या की उठून जायचं. जाऊबाईंनी तो मनापासून पाळला, आणि अबोला आणखी घट्ट झाला. म्हाताऱ्या माय पंधरा दिवस इकडं, पंधरा दिवस तिकडं राहायच्या. त्यांना न्यायला-सोडायला आता भाऊ येईनात, पोरं येऊ लागली. विषय बंद करून मी भावांच्या बोलण्याची उरलीसुरली वाटही बंद केली होती. एकमेकांना लागलेलं वाक्य मात्र जागच्या जागी तसंच होतं.

म्हणून दोघांना वेगवेगळं बोलावलं. दादा दोनदा वेळ घेऊन आले नाहीत. तिसऱ्यांदा आले ते खुर्चीच्या काठावर बसले. मी विचारलं, “ते वाक्य ऐकलं तेव्हा तुम्हाला काय दिसलं?” बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “धुकं.”

त्यानंतर सव्वा तास ते बोलले आणि मी ऐकत राहिले. बांगलादेशची सीमा 4,096 किलोमीटरची, त्यातली 2,200 किलोमीटरहून जास्त एकट्या बंगालात. आपल्याला वाटतं, तार म्हणजेच सीमा. दादा म्हणाले, तार आपल्याच हद्दीत असते, शून्य रेषेपासून साधारण 150 यार्ड आत. तिच्या पलीकडंही आपल्याच शेतकऱ्यांची जमीन, काही ठिकाणी आपलीच घरं. सकाळी ठरल्या वेळी गेट उघडायचं, नाव लिहून माणूस सोडायचा, संध्याकाळी परत मोजून घ्यायचा. नदीत तर तार टाकताच येत नाही. पावसाळ्यात पात्र सरकतं, चर म्हणजे नदीतली वाळूची बेटं बुडतात, नवी वर येतात. आज जिथं नाका लावला तिथं पुढच्या वर्षी पाणी.

“थंडीत हाताचं बोट दिसत नाही मॅडम. कानावर ड्युटी. गुरं नेणारे येतेत, त्यायच्या हातात दाव असतो, हे एवढा कोयता. गोळी चालवली की चौकशी, नाही चालवली की आपला माणूस कापला जातो.” अशाच एका रात्री त्यांच्या सोबत्याच्या खांद्यावर दाव बसला. दादांनी त्याला उचलून चौकीपर्यंत आणलं. सोबती वाचला. “पण जागा सोडली न मी. त्या वेळात तिथून किती गेले कोणाला ठाऊक. अंधारात मोजता येत नाही.” हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. भाऊ पंगतीत म्हणाला, तुम्ही तिथं काय करत होता. आणि दादा किती वर्षं स्वतःला हेच विचारत आले होते.

बापूंची बैठक लहान झाली. ते तयारीनं आले होते, कायद्याचं बोलत होते. एकवीस दिवसांत जन्माची माहिती द्यायची असते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून बदललेला कायदा लागू झाला आणि तो आदेश द्यायचं काम न्यायालयाकडून महसुली अधिकाऱ्यांकडं आलं. ग्रामसेवकाकडं उरतं ते जुनं रजिस्टर चाळून ‘नोंद आढळून येत नाही’ असं लिहून देणं, आणि आदेश आल्यावर नोंद करणं.

मी विचारलं, “किती जणांना लिहून दिलं असेल?”

“आमच्याकडं तांडे हायेत मॅडम. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला. लेकरू कोपीत, पाचटाच्या झोपडीत होतं, कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर. बाई तिसऱ्या दिवशी मोळी बांधायला उभी. कोण जाऊन नोंद करणार? मग शाळा, शिष्यवृत्ती, आधार, काही आलं की बाप मह्यापुढं उभा. रजिस्टरात नाव नाही हे खरं असतं. मी तेच लिहितो. लेकरू कुणाचं हेही मला ठाऊक असतं.”

त्या जानेवारीत सरकारनं उशिराच्या जन्मनोंदी थांबवल्या. बांगलादेशी घुसखोरांनी असे दाखले मिळवल्याचे आरोप झाले होते, दिलेले दाखले तपासायला घेतले गेले. पंगतीच्या चार दिवस आधी बापूंना कार्यालयाकडून खुलाशाची नोटीस आली होती. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको माझ्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसली होती, तिला तिथंच कळलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि विचारलं, “एकटेच जागत होता का इतके दिस?”

दादांना नोटिशीची कल्पना नव्हती, आणि बापूंना त्या धुक्याच्या रात्रीची. दोघांनी अंधारात दगड मारला, आणि तो नेमका दुसऱ्याच्या ठणकत्या जागेवर बसला.

घुसखोरीचा वाद देशात फार जुना आहे. खरा प्रश्न जबाबदारीचा आहे, आणि ती वाटलेली आहे. परदेशी माणूस, नागरिकत्व, देशात येणं आणि बाहेर काढणं हे घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राकडं आहे. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था राज्याकडं. सीमा राखणारं दल केंद्राचं, पण तारेची जमीन राज्याच्या यंत्रणेतून मिळवावी लागते, आणि पकडलेला माणूस शेवटी राज्याच्याच पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. ऑक्टोबर 2021 मध्ये बंगाल, पंजाब आणि आसामात केंद्रानं दलाच्या झडती-अटकेच्या अधिकाराची हद्द सीमेपासून 15 वरून 50 किलोमीटर केली, तेव्हा बंगाल आणि पंजाबच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. वर असं एकमेकांकडं बोट दाखवणं चाललं की शेवटी ते बोट चौकीवरच्या शिपायावर आणि रजिस्टर सांभाळणाऱ्या ग्रामसेवकावर येऊन थांबतं. ही दोन टोकं एकाच मायच्या पोटची निघाली, एवढंच या घराचं वेगळेपण.

एप्रिलमध्ये तिघांना एकत्र बसवलं. तिसऱ्या माय. त्यांनीच हट्ट धरला होता. मी एकच गोष्ट मागितली: आज कोण बरोबर हे ठरवायचं नाही, आधी प्रत्येकानं आपलं काम कसं असतं ते दुसऱ्याला सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं मधे फक्त विचारायचं. असल्या घरांत मी आता हेच करते. मतं बदलायला बसवलं की माणसं वकील होतात. हातानं केलेलं काम सांगायला लावलं की आवाज आपोआप खाली येतो.

बापू बोलले, दादांनी विचारलं, “कोपीतल्या लेकराचा काहीच कागद नसतो?” दादा बोलले, बापूंनी विचारलं, “तुमच्या त्या सोबत्याचं पुढं काय झालं?” मग वाद झाला, आणि मी तो थांबवला नाही. बापूंनी आसाम काढला: 31 ऑगस्ट 2019 च्या नागरिक यादीतून 19 लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली, त्यात कागदावाचून अडलेले किती गरीब असतील? दादा आसामच्या सीमेवर धुबरीकडं राहून आलेले. ते म्हणाले, त्याच आसामात 1983 चा कायदा असा होता की समोरचा परका आहे हे तक्रार करणाऱ्यानंच सिद्ध करायचं. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. मधल्या वर्षांचं काय? दोघांकडंही माहिती होती, आणि दोघांचीही काळजी खरी होती.

एवढ्यात माय बोलल्या. रझाकारीच्या साली त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. रातोरात बैलगाडी जुंपून घरचे पैनगंगा उतरून उमरखेडकडं गेले, कारण नदीपलीकडं निजामाचं राज्य नव्हतं. “आमच्यापाशी कोणता कागुद होता? त्या गावच्या पाटलानं गोठा दिला राहायला.”

बापूंनी दादांकडं बघितलं. दादा म्हणाले, “हाव माय, पण आपण परत आलो. पोलीस ॲक्शन झाली अन् महिन्याभरात गाव गाठलं.” माय म्हणाल्या, “आलो. मही धाकटी बहीण तिथंच राहिली.” ती तापानं गेली होती. यावर दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. दोघांनाही आपल्याला एक मावशी होती हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दोघांनीही मला माझं मत विचारलं. खोलीत मी ते दिलं नाही, इथं देते. सीमा राखलीच पाहिजे, बेकायदा आलेल्याची चौकशी कायद्यानं व्हायलाच हवी, खोटा दाखला देणाऱ्यावर कारवाई हवी. पण मराठवाड्यातल्या तांड्यावरच्या लेकराला त्याच चाळणीतून जावं लागत असेल, तर चाळणी धरणाऱ्यानं त्या लेकराचं गाव आधी बघून यावं. मार्चमध्ये नोंदींसाठी नवी कार्यपद्धती आली. बापूंकडं येणाऱ्या बापांच्या खेपा मात्र थांबलेल्या नाहीत.

मी दोघांना फक्त आपापल्या त्या एका वाक्याबद्दल बोलायला सांगितलं. अख्ख्या वादाबद्दल माफी मागायला लावली की माणूस अडतो, कारण त्याला आपलं मत सोडल्यासारखं वाटतं. बापू म्हणाले, “दादा, पंगतीत तसं इचारायला नको होतं.” दादांना शब्द जुळेनात. थोड्या वेळानं ते म्हणाले, “ती नोटीस घेऊन ये संध्याकाळी.”

पुढचं मला जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. दलात असताना दादांनी दोन चौकश्यांना तोंड दिलेलं. जबाब कसा लिहायचा, तारीखवार कागद कसे लावायचे, विचारलं तेवढंच उत्तर कसं द्यायचं, हे त्यांना पाठ. तीन रात्री दोघं भाऊ ओसरीवर रजिस्टरच्या नकला पसरून बसले. एका नोंदीवर दादा अडले. साक्षीदाराची सही नाही, आदेशाची प्रत नाही, असं म्हणाले, आणि बापूंशी पुन्हा कडाक्याचं भांडले. बापूंनी दुसऱ्या दिवशी त्या तांड्यावर जाऊन मुकादमाला गाठलं. आदेशाची प्रत त्याच्याच घरी, पत्र्याच्या पेटीत निघाली.

खुलासा द्यायच्या दिवशी दादा मोटारसायकलवर मागे बसून हिंगोलीला गेले. आत त्यांना जाता येणार नव्हतं. बापू बाहेर येईपर्यंत, चार तास, ते कार्यालयासमोरच्या लिंबाखाली बसून होते. चौकशी अजून चालू आहे. भाड्याचा कुकर परत गेला, आणि दादांच्या रानातली उरलेली हळद बापूंच्या अंगणात शिजली.